देवगिरीचा संगीतपाठ

दौलताबादचा किल्ला पाहावयास गेलेला प्रवासी चांदमिनार पाहतो, अंधारीतून चाचपडत वर चढतो, मेंढा तोफेवरून हात फिरवितो आणि परततो. हा गड देवगिरी या नावाने यादवांची राजधानी होता, तेव्हा येथे संगीतशास्त्रावरील एक असामान्य ग्रंथ सिद्ध झाला, हे त्यास क्वचितच कोणी सांगते. त्या ग्रंथाचे नाव ‘संगीतरत्नाकर’ आणि कर्त्याचे नाव शार्ङ्गदेव.

शार्ङ्गदेवाचे घराणे मूळचे काश्मिरातले. आजोबा भास्कर दक्षिणेत आले. वडील सोढल यादवांच्या सेवेत मानाला चढले. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, सिंघण राजाच्या कारकीर्दीत, शार्ङ्गदेव श्रीकरणाचा, म्हणजे राज्याच्या दफ्तराचा व हिशेबाचा, प्रमुख होता. पुढे हेमाद्रीकडे आलेला अधिकार तो हाच. दिवसा जमाखर्च पाहणाऱ्या या गृहस्थाने स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नृत्य अशा सात अध्यायांत त्या काळचे अवघे संगीत बांधून काढले. हिशेबनिसाची शिस्त ग्रंथात पानोपानी दिसते.

या ग्रंथास विद्वानांचा शब्दकोश समजणे हा त्याच्यावर अन्याय होय. स्वराध्यायातील सारणांचा प्रयोग पाहावा. सप्तकात श्रुती बावीस, एवढे पाठ करविणे सोपे; शार्ङ्गदेव मात्र दोन वीणा मांडावयास लावतो. प्रत्येकीस बावीस तारा. पहिलीहून दुसरी इतकीच उंच की मध्ये तिसरा नाद ऐकू येऊ नये. चौथ्या तारेवर षड्ज, सातवीवर ऋषभ, नववीवर गांधार, तेरावीवर मध्यम, सतरावीवर पंचम, विसावीवर धैवत, बाविसावीवर निषाद. एक वीणा ध्रुव, ती तशीच राहावयाची. दुसरी चल, तिचे सातही स्वर एकेक श्रुतीने उतरवावयाचे. पहिल्या उतरणीत एकही स्वर दुसऱ्याशी जुळत नाही. दुसरीत गांधार व निषाद हे ध्रुव वीणेच्या ऋषभ व धैवतात मिळतात, म्हणून ते दोन श्रुतींचे. तिसरीत ऋषभ व धैवत हे षड्ज व पंचमात मिळतात, म्हणून तीन श्रुतींचे. चौथीत षड्ज, मध्यम, पंचम हे निषाद, गांधार, मध्यमात विरतात. चार, सहा आणि बारा मिळून बावीस. हिशेब पुरा झाला! पण तो कागदावर नव्हे, विद्यार्थ्याच्या कानात.

प्रकीर्णकाध्यायात गायकांचे पाच प्रकार सांगितले आहेत: शिक्षाकार, अनुकार, रसिक, रंजक आणि भावक. पहिला मान शिक्षाकाराचा. काही उणे न ठेवता दुसऱ्यास शिकवू शकतो तो. दुसऱ्याच्या ढंगाची नक्कल करणारा तो अनुकार. राजदरबारी बसून लिहिणाऱ्याने मैफल रंगविणाऱ्याच्या आधी शिकविणाऱ्याचे नाव घ्यावे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

1296 साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. 1327 साली महंमद तुघलकाने तिला दौलताबाद करून दिल्ली येथे आणावयास घेतली. राजधानी गेली, ग्रंथ मात्र देशभर फिरला. विजयनगरच्या कल्लिनाथाने पंधराव्या शतकात त्यावर टीका लिहिली. पुण्याच्या आनंदाश्रमाने 1896–97 साली तो टीकेसह छापला, तेव्हा कोठे तो शाळा शिकलेल्या मराठी माणसाच्या हाती आला.

त्यानंतर विष्णु नारायण भातखंडे यांनी स्पष्ट सांगितले की, रत्नाकरातील राग आजच्या रागांशी जुळत नाहीत. शास्त्र चालू गायनावरून पुन्हा लिहिले पाहिजे. त्यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ मराठीत गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांतून लिहिली. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांच्या निधनानंतर, 1931 सालीच, शिष्यांनी स्थापिलेल्या मंडळाच्या प्रारंभिकापासून विशारदापर्यंतच्या परीक्षा आज गावोगावची शाळकरी मुले देतात. 2017 साली शासनाने अशा परीक्षांसाठी दहावीस वाढीव गुण देण्याचे ठरविले. बारावीच्या कला शाखेत तर गायन, वादन आणि संगीताचा इतिहास हे वेगवेगळे विषय म्हणून घेता येतात.

परीक्षार्थी वाढले, हे चांगलेच झाले. तथापि बावीस श्रुतींची नावे बिनचूक लिहून पूर्ण गुण मिळविणाऱ्या मुलीने शेजारच्या दोन श्रुती कधी ऐकलेल्या असतातच असे नाही. वर्गात असते ती पेटी. तिच्या सप्तकात पट्ट्या बाराच, त्याही जागच्या न हलणाऱ्या. याच उणिवेवर बोट ठेवून आकाशवाणीने 1940 साली पेटीस दार बंद केले होते. ते 1971 साली उघडले. शाळेने पेटी टाकावी असे नव्हे, शंभर मुलांच्या वर्गास दुसरा आधार कोणता? पण वरच्या इयत्तेत संगीत घेणारी मुले दहापाचच असतात. त्यांच्यापुढे दोन तंबोरे अगदी एका स्वरात मिळवून ठेवावे आणि एकाची एकच तार केसभर उतरवावी. पहिल्या सारणेत स्वर का जुळत नाहीत, ते त्यांस तेथेच ऐकू येते. बावीस तारांची वीणा त्यासाठी लागत नाही.