न घडलेल्या घटनेचा इतिहास

घडलेल्या गोष्टी मनुष्य विसरतो, हा इतिहासाभ्यासकाचा नित्याचा अनुभव आहे. परंतु जी गोष्ट मुळी घडलीच नाही, तिचे स्मरण एका देशाने श्रद्धेने बाळगावे, हा प्रकार विरळा होय. ऑस्ट्रेलियातील ‘पिकनिक ॲट हँगिंग रॉक’ या बोलपटाची कथा अशा प्रकारची आहे.

पीटर वीअर यांनी दिग्दर्शित केलेला हा बोलपट १९७५ साली निघाला. कथा १९०० सालची. व्हिक्टोरिया प्रांतात, वस्तीपासून दूर, ॲपलयार्ड कॉलेज नावाची मुलींची निवासी शाळा आहे. इंग्लंडातील रीतिरिवाज त्या रखरखीत मुलखात तंतोतंत पाळले जात आहेत. ऐन उन्हाळ्यात पांढरे झगे, घट्ट बांधलेल्या कमरा आणि हातमोजे! १४ फेब्रुवारीस या मुली वनभोजनास निघतात, तेव्हा गाव मागे पडल्यावर हातमोजे काढण्याची मुभा मिळते, हेच त्यांचे मोठे स्वातंत्र्य. टेकडीच्या पायथ्याशी घड्याळे बाराच्या ठोक्याला बंद पडतात. मिरांडा आणि तिच्या मैत्रिणी निद्रेत असल्याप्रमाणे खडकांमधून वर चढतात व दिसेनाशा होतात. गणिताच्या शिक्षिकाही त्यांच्यामागून नाहीशा होतात. पुढे एक मुलगी जिवंत सापडते. परंतु तिला काहीच आठवत नाही. शाळेचा मात्र हळूहळू नाश होतो.

या चित्राची मोहिनी कथानकापेक्षा त्याच्या वातावरणात अधिक आहे. छायालेखक रसेल बॉइड यांनी भिंगावर वधूच्या मुखपटाचे तलम वस्त्र लावून प्रकाश मऊ केला. घेओर्घे झाम्फिर यांच्या पाव्याचे सूर त्यात मिसळले. बालपण संपून तारुण्य सुरू होण्याचा जो क्षण, त्याला धाक आणि शिस्त यांच्या भिंतींत कोंडले असता तो कोणत्या अज्ञात वाटेने निसटेल याचा नेम नाही, ही जाणीव पाहणाऱ्याच्या मनात नकळत शिरते.

मूळ कादंबरी जोन लिंडसे यांची. ती १९६७ साली प्रसिद्ध झाली. त्या स्वतः ज्या कन्याशाळेत शिकल्या, ती शाळा पुढे याच टेकडीजवळच्या वुडएंड गावी गेली. हकीकत खरी की कल्पित, हे त्यांनी वाचकांवरच सोपविले, आणि वाचकांनी ती खरी मानली! वस्तुतः पंचांग पाहिले तरी पुरे: कथेत तो दिवस शनिवार आहे, प्रत्यक्षात १४ फेब्रुवारी १९०० रोजी बुधवार होता. रहस्याचा उलगडा करणारे अखेरचे प्रकरण कादंबरीतून वगळले होते. ते लेखिकेच्या मृत्यूनंतर १९८७ साली छापले गेले. तथापि लोकांना उलगडा नकोच होता, असे दिसते.

असे का व्हावे? परक्या भूमीत आपले मूल हरवेल, ही भीती गोऱ्या वसाहतवाल्यांच्या मनात प्रथमपासून होती, आणि तिला आधारही होता. १८६४ साली याच प्रांतातील विमेरा भागात जेन डफ ही मुलगी व तिचे दोन भाऊ रानात वाट चुकले. नऊ दिवसांनी ती तिघे जिवंत सापडली, ती मूळ निवासी मागकाढ्यांच्या कौशल्यामुळे! त्या मागकाढ्यांपैकी डिक-अ-डिक हा पुढे १८६८ साली इंग्लंडात गेलेल्या मूळ निवाशांच्या क्रिकेट संघात खेळला. ज्या भूमीला गोरे लोक गूढ व भयाण म्हणत, ती त्याला उघड्या पुस्तकासारखी वाचता येत होती.

येथेच या कथेतील खरा सल आहे. १८३५ साली मेलबर्नची वसाहत पडली, आणि पुढील काही दशकांतच हँगिंग रॉकच्या परिसरातील जा जा वुरुंग, वोई वुरुंग व टाउंगुरुंग हे लोक रोगराईने, हिंसेने व सक्तीने आपल्या भूमीतून नाहीसे केले गेले. त्या टेकडीवरून माणसे नाहीशी झाली, हे म्हणून अक्षरशः खरे आहे. परंतु ती मिरांडा व तिच्या मैत्रिणी नव्हत! प्रवासी मात्र आजही तेथे मिरांडाच्या नावाने हाका मारतात. २०१७ साली एका कलावतीने मिरांडाला निरोप द्यावा व खऱ्या गमावलेल्यांची आठवण करावी, अशी मोहीमच काढली.

यात बोलपटाचा दोष मानण्याचे कारण नाही. उत्तम कलाकृती शून्य दाखविते. ते कोणाच्या नावाने भरावयाचे, हे पाहणारा समाज ठरवितो. कल्पित मुलींसाठी हळहळणे सोपे असते, कारण त्यांचा हिशेब कोणी मागत नाही. खऱ्या हरवलेल्यांची आठवण काढली की, त्यांना कोणी हरविले, हा प्रश्न पाठोपाठ येतोच.