कवी, चितारी आणि दक्षिणेचा समुद्र

कालिदासाच्या ‘शाकुंतला’वर लुब्ध झालेला जर्मन महाकवी म्हणून गटे याचे नाव मराठी वाचकांस चांगले परिचित आहे. ‘शाकुंतल’ जर्मन भाषेत अवतरले ते १७९१ साली, फॉर्स्टरच्या भाषांतराने. त्यापूर्वी चार वर्षे, १७८७ च्या वसंतऋतूत, हाच कवी नव्यानेच ओळख झालेल्या एका निर्धन चिताऱ्यास बरोबर घेऊन इटलीचा दक्षिण किनारा व सिसिली बेट पाहत हिंडत होता. त्या प्रवासाच्या वृत्तांतात भग्न देवळे, ज्वालामुखी व संत्र्यांच्या बागा यांची रेलचेल आहे. परंतु त्याची खरी गोडी सोबतीत आहे.

गटे तेव्हा वायमार संस्थानचा मंत्री होता. रस्ते, खाणी, लष्कर, खजिना अशी अनेक खाती त्याच्या शिरावर होती. पंचविसाव्या वर्षी लिहिलेल्या ‘वेर्टर’ कादंबरीची कीर्ती त्याच्या मागे सावलीसारखी लागली होती. लेखणी मात्र दप्तराच्या ओझ्याखाली दबली होती. १७८६ च्या सप्टेंबरची ३ तारीख, पहाटेचे तीन वाजलेले. कार्ल्सबादच्या मुक्कामाहून तो कोणासही न सांगता निघाला. जिच्यापाशी दहा वर्षे त्याने मन मोकळे केले होते, त्या शार्लोटे फॉन श्टाइन हिलाही त्याने आपला बेत कळू दिला नाही. तिच्या मनाला झालेली ही जखम पुढे पुरती भरून आली नाही. मुक्ततेची किंमत अशी दुसऱ्यानेही चुकविली, हे विसरून चालत नाही.

प्रवासात त्याने म्यॉलर असे सामान्य नाव धारण केले. पण नाव टाकले तरी एकट्या परक्याचे संकट टळत नाही. गार्डा सरोवराच्या काठी माल्चेसिने गावी तो एका पडक्या किल्ल्याचे चित्र काढीत बसला, तोच लोकांनी हेर समजून त्यास घेरले. फ्रँकफुर्टात चाकरी करून आलेला एक गावकरी तेथे होता आणि गटेचा जन्मही फ्रँकफुर्टचाच, म्हणून प्रकरण निभावले. व्हेनिसला त्याने आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. पुढे रोममध्ये टिश्बाइन नावाच्या जर्मन चित्रकाराच्या बिऱ्हाडी तो राहिला. तेथे मंत्रिपदाचा मुजरा करणारा कोणी नव्हता. मोरिट्झ या लेखकमित्राचा हात मोडला तेव्हा इतरांबरोबर गटेनेही त्याच्या उशाशी बसून शुश्रूषा केली.

१७८७ च्या फेब्रुवारीअखेर टिश्बाइनसह तो नेपल्सला पोहोचला. टिश्बाइनला तेथे स्वतःच्या कामाचा व्याप होता. म्हणून त्याने आपला परिचित क्रिस्टोफ हाइन्रिश क्नीप यास गटेच्या हवाली केले. क्नीप गटेहून सहा वर्षांनी लहान. हातात कसब होते, पण पदरी पैसा नव्हता. दोघे दोन चाकांच्या गाडीतून पेस्टुमला गेले. इसवी सनापूर्वी सुमारे ६०० वर्षे ग्रीकांनी वसविलेल्या या नगरीची तीन मंदिरे दलदलीच्या माळावर उभी होती आणि भोवती म्हशी चरत होत्या. ते आखूड, जाड, दाटीने उभे असलेले स्तंभ पाहून गटे प्रथम दचकलाच. सडपातळ स्तंभांना सरावलेल्या डोळ्यांस हे रूप ओबडधोबड वाटले. क्नीप मात्र शांतपणे रेखाटू लागला. गटे स्तंभांमधून फिरत राहिला आणि तासाभरात त्या दगडांशी त्याची मैत्री जमली. ज्या शिल्पाचा तिटकारा यावयाचा, त्याचीच त्यास भक्ती जडली.

या फेरीनंतर दोघांत करार ठरला. दोघांनी एकत्र राहावे, एकत्र हिंडावे. खर्च गटेने सोसावा आणि क्नीपने चित्रांखेरीज कशाचीही चिंता करू नये. प्रवासातील रेखाचित्रे गटेची व्हावीत आणि परतल्यावर त्यांपैकी निवडक विषय रंगवून देण्याचे काम क्नीपला मिळावे. व्यवहार चोख होता, आणि त्यातूनच स्नेह वाढला. एका घराच्या गच्चीवरून उपसागराचा देखावा दाखवीत असता क्नीपने आपली प्रिय व्यक्तीही गटेस दाखविली. जिन्याच्या झरोक्यातून ती तरुणी अवचित वर आली. क्नीप प्रथम कागदावर चौकट आखून घेई आणि उत्तम इंग्रजी पेन्सिलींना टोक काढण्यात रमून जाई, असे गटे कौतुकाने नोंदवितो.

२९ मार्चला ते गलबतात बसले. वारा प्रतिकूल होता आणि गटेस बोट लागली. तो खोलीत आडवा पडून राहिला. क्नीपला मात्र काही झाले नाही. चार दिवसांनी पालेर्मो आले. तेथील बागेच्या दर्शनाने गटेस होमरच्या काव्यातील राजाचे उपवन आठवले. त्याने होमरची प्रत विकत घेतली आणि बसल्या जागी भाषांतर करीत क्नीपला वाचून दाखविली. ‘नाउसिका’ नाटकाची कल्पना त्याला येथेच सुचली. ते कधीच पुरे झाले नाही.

सिसिली हे प्राचीन रोमचे धान्याचे कोठार. ती शेते पाहावीत म्हणून गटेने प्रसिद्ध सिराक्यूज सोडून आडवाट धरली. खेचरांवरून प्रवास करीत ते काल्तानिसेत्ता गावी पोहोचले. धड मुसाफिरखाना नव्हता. वाटेत एक कोंबडी घेतली होती. खेचरवाला तांदूळ, मीठ, मसाला आणण्यास गेला, पण ती शिजवावी कोणाच्या चुलीवर हाच प्रश्न बराच वेळ सुटेना. चौकातील वृद्ध मंडळी प्रशियाचा राजा फ्रेडरिक याच्या पराक्रमाच्या कथा मोठ्या प्रेमाने विचारू लागली. फ्रेडरिक आदल्या ऑगस्टातच निवर्तला होता. परंतु अशुभ वार्ता आणणारे म्हणून यजमानांना अप्रिय होऊ नये यासाठी दोघांनी ते सांगितलेच नाही.

ताओर्मिनाच्या प्राचीन नाट्यगृहाशी क्नीप चित्र काढण्यास पुन्हा चढला, तेव्हा गटे खाली समुद्रकाठी संत्र्याच्या झाडाच्या फांद्यांत बसून नाटकाचा विचार करीत राहिला. पुढे मेसिना. १७८३ च्या भूकंपाने ते शहर जमीनदोस्त झाले होते आणि चार वर्षे लोटली तरी लोक लाकडी झोपड्यांत दिवस काढीत होते. येथे मौज संपली. उभ्या अवशेषांच्या शोधात निघालेल्या प्रवाशांस ताज्या अवशेषांतून वाट काढावी लागली.

परतीच्या फ्रेंच गलबतावर तर मरणाशीच गाठ पडली. काप्रीजवळ वारा पडला आणि प्रवाह जहाजास खडकांकडे ओढू लागला. प्रवाशांनी कप्तानास शिव्याशाप देण्यास आरंभ केला. तेव्हा गटेने उठून, आरडाओरडीने खलाशांचे हातपाय गळतात हे त्यांना समजाविले आणि आपल्या मेरीमातेची करुणा भाका म्हणून सांगितले. लोक गुडघे टेकून प्रार्थना करू लागले. काही वेळाने वारा सुटला आणि १४ मे रोजी सारे सुखरूप नेपल्सला उतरले. मंत्र्याच्या अधिकाराने नव्हे, सहप्रवाशाच्या शब्दाने तो कल्लोळ शांत झाला.

पुढे १८०१ च्या डिसेंबरात झॉयमे हा दुसरा जर्मन लेखक पाठीवर पिशवी टाकून थेट सिराक्यूजपर्यंत बव्हंशी पायी गेला. त्याची दृष्टी देवळांपेक्षा वाटेवरच्या दारिद्र्याकडे अधिक वळली. काल्तानिसेत्ताची चूल आणि मेसिनाच्या झोपड्या गटेनेही पाहिल्या, पण तेथे तो फार थांबला नाही.

गटेने आपला वृत्तांत छापला तो १८१६–१७ मध्ये, जवळजवळ तीस वर्षांनी. क्नीप नेपल्समध्येच राहिला आणि १८२५ साली तेथेच वारला. त्या दोन महिन्यांची हकीकत जगास कळते ती गटेच्याच शब्दांत. क्नीपची साक्ष त्याच्या रेघांत आहे. पण त्या रेघा काढीत तो स्वस्थ बसला, म्हणूनच घाईने नापसंत केलेले स्तंभ गटेने दुसऱ्यांदा पाहिले. इटलीने कवीस पुन्हा लेखणी दिली असे म्हणतात; ते देणे देताना इटलीने एका गरीब चिताऱ्याचा हात उसना घेतला होता.