मस्टरवरील नाव

सोलापूरचा इतिहास लिहिणाऱ्यांची लेखणी बहुधा गिरणीच्या भोंग्यापाशीच थबकते, आणि त्यात वावगे काही नाही. ६ एप्रिल १९३० रोजी आपल्या नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा फडकला, हे तर शाळेतील मुलांनाही पाठ असते. परंतु त्या इमारतीची दालने रोज पहाटे कोण झाडीत असे, हे कोठेही नमूद नाही. कचेऱ्या, रस्ते व शौचकूप साफ करणाऱ्यांच्या संघटनेचा लिखित इतिहास पाहावयाचा तर मुंबईकडेच वळावे लागते.

मुंबईच्या सफाई कामगारांनी १८८९ साली संप केला. लगेच १८९० मध्ये सरकारने म्युनिसिपल नोकरांचा कायदा केला. पूर्वसूचना वा परवानगी न घेता काम सोडणाऱ्यास त्यान्वये तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शके. काम सोडणे हाच गुन्हा! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या कायद्यावर पुढे कठोर टीका केली. त्यांनीच १९३५ साली मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ स्थापन केला. संप करणाऱ्यास शिक्षा देणे म्हणजे त्यास गुलाम करणे होय, असे त्यांचे प्रतिपादन होते, व १९३८ च्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर रोजी झालेल्या एक दिवसाच्या संपात ते अग्रभागी होते.

स्वातंत्र्यानंतर कायम नोकरी, भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन या गोष्टी पुष्कळांच्या पदरी आल्या. आपल्यापैकी कित्येक घरांत पहिला मॅट्रिक झालेला मुलगा त्याच पगारावर शिकला. पण पुढे ठेक्याची पद्धत आली, आणि लढ्याचे स्वरूपच पालटले. पूर्वी धनी समोर दिसत असे. आता तो ठेकेदाराच्या आड जाऊन बसला. मुंबईत तर काही कामगारांना ‘स्वयंसेवक’ म्हणण्यात आले, म्हणजे वेतनाऐवजी मानधन देता येते! शब्दांची ही हातचलाखी पाहून भाषा शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्यास लाज वाटते.

ही युक्ती केवळ आपल्याकडचीच नव्हे. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरी मोठमोठ्या कचेऱ्या रात्री झाडणारे कामगार, बहुतेक परदेशांतून आलेले, हेच उत्तर ऐकत असत: तुम्ही आमचे नोकर नव्हेत, ठेकेदाराचे आहात. १५ जून १९९० रोजी त्यांच्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालविल्या. ते दृश्य लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिले. त्यानंतर थोड्याच दिवसांत ठेकेदार कंपनीस युनियनशी करार करावा लागला.

मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने श्री. मिलिंद रानडे यांच्या नेतृत्वाखाली अनेक वर्षे दावा लढविला. ठेका हा केवळ देखावा आहे असे औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ साली ठरविले, व ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना महानगरपालिकेच्या सेवेत कायम करण्याचा निर्णय कायम ठेवला.

येथे गोष्ट संपावी, पण नाही. यादीतील नाव आणि हातातील कागदावरील नाव जुळत नाही म्हणून कित्येकांचे काम अडून राहिले. कोठे वेलांटी निराळी, कोठे आडनाव गळलेले.

हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. शाळेच्या प्रवेशनोंदवहीत मी वर्षानुवर्षे नावे लिहिली. आई सांगे तसे ऐकू येईल ते लिहावे, जन्मतारीख ठाऊक नसल्यास १ जून घालावी, आणि पुढच्या मुलास हाक मारावी, असा आमचा शिरस्ता होता. बापाचे नाव दोन भावांच्या दाखल्यांवर दोन तऱ्हांनी पडले, तरी मी कधी मागे वळून पाहिले नाही. त्या मुलांपैकी काही जण आज ठेक्यावर झाडू मारीत आहेत.

यासाठी दर रविवारी सकाळी मी मंडळाच्या कार्यालयात बसतो. ज्यांच्या शाळेचा दाखला, आधार कार्ड व हजेरीचे कागद यांत नावाचा फरक असेल, त्यांनी तिन्ही घेऊन यावे. दुरुस्तीचे अर्ज मी लिहून देईन. अक्षर अजून चांगले आहे.