दंतवैद्यक शिक्षण, संगणकीय व आंतरक्रियात्मक

दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यास संगणक, महाजाल आणि प्रतिरूपक यंत्रे यांच्या साहाय्याने सिद्धान्त, निदान व हस्तकौशल्य शिकविण्याची पद्धती. या पद्धतीचा विचार बहुधा महानगरांतील सुसज्ज महाविद्यालयांपुरता केला जातो. परंतु तिचा खरा कस लागतो तो बुलढाणा जिल्ह्यातील, पैनगंगेकाठच्या देऊळघाटासारख्या गावातून निघालेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत, कारण मराठी किंवा उर्दू माध्यमातून शिकलेल्या आणि शासकीय दंत महाविद्यालयासाठी छत्रपती संभाजीनगर, नागपूर अथवा मुंबई गाठणाऱ्या त्या मुलापुढे परका मुलूख आणि इंग्रजी पाठ्यपुस्तक ही दोन्ही एकदमच उभी ठाकतात.

या विद्येची भारतातील परंपरा फार जुनी नाही. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यास १९२० साली पहिले दंत महाविद्यालय काढले. मुंबईचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय १९३३ मध्ये आणि नागपूरचे शासकीय महाविद्यालय १९६८ मध्ये सुरू झाले. १९४८ च्या कायद्यान्वये भारतीय दंत परिषद अस्तित्वात आली. त्या कायद्याच्या जागी २०२३ साली राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा संमत झाला. महाराष्ट्रातील बहुतेक दंत महाविद्यालये १९९८ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत.

दंतवैद्यकाचे शिक्षण मुख्यतः हाताचे असते, आणि अडचणीचे मूळ तेथेच आहे. प्रथम वर्षाचा विद्यार्थी मेणाच्या ठोकळ्यातून दाढ कोरतो. पुढे ‘फँटम हेड’ नावाच्या धातूच्या मस्तकात बसविलेल्या कृत्रिम दातांवर तो पोखरणीचा सराव करतो. हे मस्तक ग्लासगोच्या ऑस्वाल्ड फर्गस यांनी १८९४ मध्ये सिद्ध केले. ते काही बोलत नाही, चूक दाखवीत नाही. चूक दाखवावयास शिक्षक हवा, आणि शिक्षकाला एका तासात अनेक मेजांवरून फिरावे लागते. स्पर्शसंवेदी प्रतिरूपक यंत्राने ही उणीव काही अंशी भरून काढली आहे. विद्यार्थी हातात हत्यार धरतो, डोळ्यांपुढे दाताची त्रिमितीय आकृती असते, आणि हत्याराला जोडलेल्या चलित्रांकडून सेकंदास सुमारे एक हजार वेळा प्रतिरोधाची मात्रा ठरविली जाते; त्यामुळे दंतवल्काची कठीणता, त्याखालील दंतिनाची तुलनेने मऊ जात आणि कीड लागलेल्या भागातील भुसभुशीतपणा बोटांना निरनिराळा जाणवतो. किती भाग अनावश्यक कोरला गेला याची नोंद यंत्रच ठेवते. अ‍ॅमस्टरडॅमच्या दंतविद्यालयाच्या सहकार्याने विकसित झालेले ‘सिमोडॉंट’ हे या जातीचे प्रसिद्ध यंत्र होय. अशा यंत्रांची किंमत पाहता सर्व महाविद्यालयांत ती सत्वर येतील, असे मानण्यास प्रस्तुत लेखक धजत नाही.

त्यामानाने ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यान ही स्वस्त आणि, आमच्या मते, अधिक उपकारक वस्तू आहे. वर्गात एकदाच ऐकलेले इंग्रजी वाक्य ज्याच्या हातून निसटते, तो विद्यार्थी वसतिगृहाच्या खोलीत तेच वाक्य थांबवून, मागे नेऊन पुनःपुन्हा ऐकतो. मुळांच्या नलिकांचे वळण किंवा जबड्यातील मज्जातंतूचा मार्ग फिरत्या आकृतीवरून त्याला जितका लवकर उमगतो तितका छापील चित्रावरून उमगत नाही. २०१७ पासून केंद्र शासनाच्या ‘स्वयम्’ या मंचावर विविध विद्यांचे पाठ्यक्रम विनामूल्य उपलब्ध झाले.

मार्च २०२० मधील कोविडच्या टाळेबंदीने या साधनांची परीक्षाच घेतली. मिनिटास तीन-चार लक्ष फेरे घेणाऱ्या ‘एअरोटर’मधून उडणारे तुषार संसर्गाचे वाहक ठरण्याची भीती असल्याने बाह्यरुग्ण विभाग तातडीच्या उपचारांपुरते उरले, विद्यार्थी गावोगाव परतले आणि व्याख्याने झूम व गूगल मीटवर गेली. तोंडी परीक्षाही पडद्यावर घेता आली. मात्र ‘कोटा’, म्हणजे विद्यार्थ्याने प्रत्यक्ष रुग्णांवर पुऱ्या करावयाच्या दंतकर्मांची ठरलेली संख्या, कोणत्याही संगणकास भागविता आली नाही. उपटलेली दाढ किंवा बसविलेली कवळी हजेरीपटासारखी घरबसल्या भरता येत नाही.

निदानाच्या शिक्षणात मात्र ही साधने उपयोगी पडतात. विदर्भात तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या व्यसनामुळे ज्या मुखविकाराचे रुग्ण वारंवार येतात, तो म्हणजे तोंडाच्या अस्तराखालील तंतुमयता. मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये त्याचे वर्णन केले. त्याच्या निरनिराळ्या अवस्थांची छायाचित्रे एकत्र पाहून विद्यार्थ्याची नजर तयार होते. तोंडात उभी किती बोटे शिरतात हे पाहून त्याचे उघडणे मोजावे, हेही चित्रफितीत दाखविता येते. आंतरवासितेच्या काळात खेड्यातील शिबिरात नेमलेला तरुण दंतवैद्य गालातील पांढऱ्या चट्ट्याचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरून महाविद्यालयातील अध्यापकाकडे पाठवून सल्ला घेऊ शकतो. परंतु चट्टा कर्करोगाकडे झुकला आहे की नाही, याचा निर्णय त्या ऊतीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच होतो, आणि त्यासाठी रुग्णाला गाव सोडून रुग्णालयाची वाट धरावी लागते.