शिशुवयातील वर्तनसमस्या : डहाणू-तलासरी

साधारण १ ते ३ वर्षे वयात दिसणारा टोकाचा हट्ट, आदळआपट, चावणे, सतत चिकटून राहणे. या वयात इच्छा पुष्कळ आणि शब्द थोडे, म्हणून बराचसा हट्ट वाढीचाच भाग असतो. अपुरी झोप, भूक, लोहाची कमतरता, ऐकू कमी येणे, घरातील ताण यांनी तो बळावतो.

पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या आदिवासीबहुल तालुक्यांत हंगामी स्थलांतराची भर पडते. दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर वा बांधकामांवर जातात. मुलाची अंगणवाडी, आजी, झोपेची जागा एकदम सुटते. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू तालुक्यातील धुंदलवाडी परिसराला भूकंपाचे धक्के बसू लागले आणि भर थंडीत कुटुंबे तंबूत, उघड्यावर झोपली. अशा प्रसंगांनंतर लहान मुले झोपेत दचकतात, थांबलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होते. त्याला ‘वाईट वळण’ म्हणणे अन्यायाचे.

मुलाला दोष न देता त्याच्या परिस्थितीशी जुळवून घेण्याचा वारसा याच भागात आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातील बोर्डीत सुरू केलेले बालशिक्षणाचे काम पुढे त्याच तालुक्यातील कोसबाडला गेले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच पाड्यावर न्यावी, या विचारातून त्यांच्या कामात अंगणवाडी आकाराला आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली.