भत्त्यातला भात

साखऱ्याच्या शाळेत (तालुका सेनगाव) दिव्यांग मुलांच्या अर्जावर एक रकाना दिसला : ‘मदतनीस भत्ता’. नातवाला घेऊन आलेल्या आजीनं विचारलं, “भत्ता म्हंजी मुरमुऱ्याचा का?” मी हसलो. घरी येऊन कोश उघडला, तर आजी फार चुकली नव्हती.

हा भत्ता ज्या योजनेतून मिळतो, तिचा इतिहास थोडक्यात : १९७४ साली केंद्राच्या समाजकल्याण खात्यात सुरू झाली, १९८२ला शिक्षण खात्याकडे गेली. सर्व शिक्षा अभियानात सुरुवातीला मुलामागे वर्षाला १२०० रुपये, २०१८पासून समग्र शिक्षेत ३५००. मुलींना महिना २००, दहा महिने. प्रवासभत्ता, मदतनीस भत्ता यातलेच.

गंमत शब्दाची आहे. संस्कृत ‘भक्त’ म्हणजे शिजवलेलं अन्न. प्राकृतात ‘भत्त’, मराठीत ‘भात’. सप्त, सत्त, सात, तीच वाट. मग ‘भत्ता’तलं जोडाक्षर झिजलं कसं नाही? शब्द बाहेरून आलाय म्हणून. यूल आणि बर्नेल यांचा १८८६चा कोश कानडी ‘भत्त’कडे, म्हणजे साळीकडे, बोट दाखवतो : तो पोर्तुगीजांनी उचलला आणि पुढे कंपनीच्या फौजेत जादा पगाराला चिकटला. १७६६त क्लाइव्हनं दुहेरी भत्ता बंद केला, तर मुंगेरला गोऱ्या अधिकाऱ्यांनीच बंड केलं!

प्रतिस्पर्धी दावा पंजाबीचा. तिथं शेतावर नेलेल्या न्याहारीला ‘भत्ता’च म्हणतात, आणि जोडाक्षरंही टिकतात. दावा तगडा आहे, नाही असं नाही. पण पंजाब कंपनीच्या हाती आला १८४९ला. तोवर हा शब्द पगारपत्रकात मुरून गेला होता. माझं मत कानडीला. (नावाला लागतो तो ‘बट्टा’ वेगळा, तो नाणी बदलताना कापायची घट. इंग्रजांनी दोघांचं स्पेलिंग एकच केलं आणि घोळ वाढवला.)

आमच्या भागात तो आला कसा? हिंगोलीत निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी होती. शब्द तिथूनच बाजारात उतरला असणार. कागद नाही हाताशी, पण छावणी होती.

पुढच्या खेपेला आजीला हे सगळं सांगितलं. मदतनिसाच्या रकान्यात तिचंच नाव होतं. नातवाला कडेवर घेऊन रोज तीच येते. ऐकून म्हणाली, “भात कुठला आपल्याकडं? ज्वारी पिकती. भाकर लिवा की.”