नाईट शिफ्टनंतर झोप पूर्ण का होत नाही? त्यावर काय करता येईल?

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा औद्योगिक वसाहतींतील अनेक कारखाने तीन शिफ्टमध्ये चालतात. शहर उठते तेव्हा रात्रपाळीचे कामगार घरी येऊन झोपतात. थकवा असतो, झोपही पटकन लागते, पण दुपारच्या आतच मोडते. यात आळस किंवा सवयीचा दोष नसतो.

झोप कशी येते?

माणूस जागा असतो तेव्हा मेंदूत अॅडिनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते. जागरण जितके लांबते, तितकी झोप अनावर होते.

दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचे घड्याळ. ते उजेड आणि अंधारावर चालते. या घड्याळाची पेशींमधील यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना 2017 चे नोबेल पारितोषिक मिळाले. अंधार पडला की मेलाटोनिन वाढते, पहाटे शरीराचे तापमान सर्वांत कमी असते आणि सकाळी पुन्हा वाढू लागते. त्यामुळे सकाळी झोपलेल्या कामगाराचा थकवा थोडा उतरला की हे घड्याळ त्याला जागे करते. त्यात मराठवाड्याचा उन्हाळा आणि पत्र्याची खोली असेल, तर झोप आणखी तुटते.

धोका काय?

प्रौढ माणसाला रोज किमान 7 तास झोप लागते. ती सतत कमी पडल्यास रक्तदाब, मधुमेह आणि लठ्ठपणाचा धोका वाढतो.

तातडीचा धोका मात्र रस्त्यावर असतो. सलग 17 तास जागे राहिल्यावर माणूस रक्तात 0.05 टक्के मद्य असल्यासारखा मंदावतो, असे प्रयोगांत दिसले आहे. भारतात वाहनचालकासाठी मर्यादा 0.03 टक्के आहे. 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गासारख्या सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळा लागायला काही सेकंद पुरतात. रात्री 2 ते सकाळी 6 ही वेळ सर्वांत धोक्याची.

सवय कशी लावावी?

- शिफ्ट सुटल्यावर डोळे मिटत असतील, तर गाडी काढण्याआधी 15-20 मिनिटे डुलकी घ्यावी. शक्य असल्यास कंपनीच्या बसने यावे.
- शेवटचा चहा झोपण्याच्या किमान 6 तास आधी घ्यावा.
- खिडकीला जाड, गडद पडदा लावावा. कूलर किंवा पंख्याने खोली थंड ठेवावी.
- घरी आल्यावर हलके खावे आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा.
- झोप लवकर मोडली, तर कामावर जाण्याआधी तास-दीड तास पुन्हा झोपावे.
- झोपेच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नयेत.

घरच्यांनी काय करावे?

रात्रपाळीच्या माणसासाठी सकाळचे 10 म्हणजे मध्यरात्र. त्या वेळी बँकेची कामे, पाहुणे, दारावरची बेल टाळावी. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे किंवा पुरेशी झोप होऊनही दिवसभर पेंग येणे, अशी लक्षणे दिसल्यास डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.